पुन्हा गणित, पुन्हा भौतिकशास्त्र: एकट्याने शिकणाऱ्यासाठी काही पुस्तकांचे परीक्षण

माझ्या टेबलावर भौतिकशास्त्राचे एक जाडजूड पाठ्यपुस्तक गेली कित्येक वर्षे पडून आहे. त्याची पहिली सत्तर-ऐंशी पाने हाताळून मऊ झाली आहेत, समासांत पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि त्यापुढची हजारभर पाने आजच छापखान्यातून आल्यासारखी करकरीत आहेत. शिक्षण संपून बराच काळ लोटल्यावर गणित आणि भौतिकशास्त्र पुन्हा पहिल्यापासून शिकावे असे मनाने घेतले, तेव्हा मी केलेली पहिली चूक म्हणजे हे पुस्तक. ज्याचे नाव सगळे घेतात ते आणायचे, पहिले पान उघडायचे आणि क्रमाने वाचत सुटायचे, अशी माझी पद्धत होती, आणि ती तिसऱ्या प्रकरणाच्या पुढे कधी गेली नाही. त्यानंतरच्या तीन वर्षांत रोज संध्याकाळी तासभर बसून जी पुस्तके वाचली, जी अर्धवट टाकली आणि जी दोनदा वाचावीशी वाटली, त्यांचे हे परीक्षण आहे. मी शिक्षक नाही. अडले तर विचारायला जवळ कोणी नाही, अशा स्थितीत बसलेल्या माणसाला कोणते पुस्तक किती साथ देते, एवढेच मी पाहिले आहे.

‘सुबोध’ हे विशेषण पुस्तकांच्या मलपृष्ठांवर फार सैल हाताने छापले जाते. स्टीफन हॉकिंग यांचे ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ १९८८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रत्येक समीकरणागणिक खप निम्म्याने घटेल असा सल्ला आपल्याला मिळाला होता, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे, आणि त्या पुस्तकात ऊर्जा व वस्तुमान यांचा संबंध सांगणारे आइनस्टाइनचे एकच समीकरण त्यांनी ठेवले. ते पुस्तक मी आनंदाने वाचले. मात्र ते मिटून ठेवल्यावर कृष्णविवरांविषयी मला चार गोष्टी सांगता येत होत्या, पण एखादा चेंडू किती उंच जाईल याचे साधे गणित मांडता येत नव्हते. यात त्या पुस्तकाचा काहीही दोष नाही, कारण ते त्यासाठी लिहिलेलेच नाही. दोष माझा होता. वाचायला सोपे असलेले पुस्तक शिकायलाही सोपे असेल, असे मी गृहीत धरले होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पुस्तक निवडताना होणारी बहुतेक फसगत त्यांची गल्लत केल्यामुळेच होते.

शिकण्याच्या दृष्टीने पुस्तक सुबोध आहे की नाही, हे मी आता एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना किती मोठी उडी मारावी लागते, यावरून ठरवतो. लेखक ‘यावरून सहज दिसते की’ असे लिहितो आणि खाली जे समीकरण देतो, ते मला पाच मिनिटे पेन्सिल चालवून मिळाले, तर पुस्तक माझ्या पातळीचे आहे. एका संध्याकाळीही मिळाले नाही, तर ते अजून माझ्यासाठी नाही. पेन्सिल न उचलताच सगळे पटत गेले, तर बहुधा मी काहीच शिकत नाही. पुस्तक घेण्यापूर्वी ही परीक्षा करायची असेल, तर पहिले प्रकरण वाचून उपयोग नसतो, कारण पहिले प्रकरण प्रत्येकच लेखक प्रेमाने लिहितो. जो विषय आपल्याला अर्धामुर्धा समजला आहे, त्याचे पान काढावे.

माझे नेहमीचे पान वर्तुळाकार गतीचे आहे. दोरीला बांधलेला दगड एकसारख्या चालीने गरगर फिरतो आहे. त्याची चाल मुळीच बदलत नाही, तरी त्याला त्वरण आहे आणि ते वर्तुळाच्या केंद्राकडे रोखलेले आहे, असे पुस्तक सांगते. का? काही पुस्तके येथे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र चौकटीत छापतात आणि लगेच उदाहरणांकडे वळतात. चांगले पुस्तक दोन बाण काढते: एक या क्षणीच्या वेगाचा आणि दुसरा किंचित नंतरच्या वेगाचा. दोन्ही बाणांची शेपटे एका बिंदूवर आणली की त्यांच्या टोकांमधले छोटेसे अंतर म्हणजे वेगातील बदल, आणि तो बदल आतल्या बाजूला रोखलेला असतो, हे डोळ्यांना दिसते. मग ते पुस्तक हेही दाखवते की तेवढ्या वेळात त्रिज्या जितक्या कोनातून वळली तितक्याच कोनातून वेगाचा बाणही वळला, म्हणून त्रिज्यांचा त्रिकोण आणि बाणांचा त्रिकोण समरूप आहेत, आणि वेगातील बदलाचे वेगाशी जे गुणोत्तर तेच कापलेल्या अंतराचे त्रिज्येशी आहे. एवढे हाती आले की सूत्र पाठ करावे लागत नाही, ते पाठ झाले नाही तरी पुन्हा काढता येते. या एका पानावर मी दोन जाड पुस्तके नाकारली आणि एक पातळ पुस्तक घरी आणले.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे वळतो. माझी खरी सुरुवात जिथून व्हायला हवी होती आणि जिथून ती बऱ्याच उशिरा झाली, ते पुस्तक म्हणजे इस्राएल गेलफांड आणि अलेक्झांडर शेन यांचे ‘अल्जिब्रा’. गेलफांड हे विसाव्या शतकातील अव्वल दर्जाचे गणिती होते. १९६४ साली त्यांनी सोव्हिएत रशियात पत्रद्वारा गणित शिकवणारी शाळा सुरू केली, आणि जिथे चांगला शिक्षक पोहोचू शकत नाही तिथल्या मुलांसाठी छोटी छोटी पुस्तके लिहून घेतली व स्वतःही लिहिली. ‘अल्जिब्रा’ हे त्याच मालिकेत शोभणारे, दीडशेच्या आसपास पानांचे पुस्तक आहे. बेरजेत संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येते, इथून ते सुरू होते, आणि प्रौढ वाचकाला पहिली काही पाने वाचताना थोडे ओशाळल्यासारखे होते. मी ती पाने उलटून पुढे गेलो आणि मग निमूटपणे परत आलो. ऋण गुणिले ऋण बरोबर धन का, हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नव्हता, म्हणजे तो पडू दिला गेला नव्हता. या पुस्तकात दंडाच्या दाखल्याने तो सोडवला आहे: पाचाचा दंड तीनदा भरला तर पंधरा गेले, आणि पाचाचा दंड तीनदा भरावा लागला नाही तर पंधरा वाचले. ही काही सिद्धता नव्हे; सिद्धता पुढे वितरणाच्या नियमावरून देता येते. पण दाखला आधी आणि नियम नंतर आल्यामुळे नियम उपरा वाटत नाही.

या पुस्तकाविषयी तक्रार करायची तर ती सरावाची आहे. एकाच साच्याची वीस उदाहरणे इथे मिळत नाहीत. चार सोपी झाली की पाचवे उदाहरण अचानक कठीण निघते, आणि ते कठीण आहे याची पूर्वसूचना नसते. सगळ्या उदाहरणांची उत्तरेही दिलेली नाहीत. हात साफ करण्यासाठी शाळेचे एखादे जुने स्वाध्यायपुस्तक सोबत ठेवावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण अपूर्णांकांच्या बेरजेत हात अडखळत असेल तर विकलन, म्हणजे बदलाचा दर काढण्याची रीत, समजूनही उत्तर चुकते, आणि मग आपल्याला विकलन आले नाही असा भलताच समज होऊन बसतो.

कलनशास्त्रासाठी, म्हणजे कॅल्क्युलससाठी, मी जे पुस्तक मनापासून सुचवीन, ते शंभर वर्षांहून जुने आहे. सिल्व्हेनस थॉम्पसन हे भौतिकशास्त्राचे व विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९१० साली त्यांनी ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ लिहिले, पण त्यावर आपले नाव घातले नाही. रॉयल सोसायटीचा सदस्य असल्याची तीन अक्षरे तेवढी छापली. पुस्तकाचा सूर पाहता हा सावधपणा समजण्यासारखा आहे, कारण गणिताची पुस्तके लिहिणारे विद्वान सोप्या गोष्टी मुद्दाम अवघड करून सांगतात, असे त्यात उघडपणे म्हटलेले आहे. थॉम्पसन सीमेच्या, म्हणजे ‘लिमिट’च्या, व्याख्येपासून सुरुवात करत नाहीत. ते आधी छोटेपणाच्या पायऱ्या समजावतात. आठवड्यात १०,०८० मिनिटे असतात, तेव्हा आठवड्याच्या हिशेबात एक मिनिट क्षुल्लक. आणि त्या मिनिटाच्याही हिशेबात सेकंद क्षुल्लक. क्षुल्लकाचाही क्षुल्लक भाग मूळ हिशेबातून निश्चिंतपणे सोडून देता येतो, या एका कल्पनेवर ते सगळी इमारत उभी करतात.

ही कल्पना कशी काम करते, ते एका चौरसावर पाहण्यासारखे आहे, आणि हे चित्र प्रत्येक वाचकाने स्वतः काढावे. चौरसाची बाजू क्ष धरा आणि ती अगदी थोडीशी वाढवा. जुन्या चौरसाला आता दोन बाजूंना दोन लांबट पट्ट्या चिकटल्या आहेत, प्रत्येक पट्टी क्ष इतकी लांब आणि त्या इवल्याशा वाढीइतकी रुंद. उरला तो कोपऱ्यातला ठिपक्याएवढा चौरस, ज्याच्या दोन्ही बाजू इवल्याशा आहेत. तो क्षुल्लकाचा क्षुल्लक, म्हणून सोडून द्या. मग क्षेत्रफळातली वाढ म्हणजे दोन पट्ट्या, आणि वाढीच्या प्रत्येक कणामागे दोन क्ष. क्ष वर्गाचे विकलन दोन क्ष का, हे मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते. ते दोन म्हणजे दोन पट्ट्या आहेत, हे मला या पुस्तकामुळे कळले.

कठोर गणिती या पद्धतीवर नाक मुरडत आले आहेत, आणि त्यांचा आक्षेप खोटा नाही. जी राशी शून्य नाही म्हणून तिने भागायचे, तीच पुढच्या ओळीत शून्य मानून टाकून द्यायची, हे तर्काला धरून नाही. एकोणिसाव्या शतकात सीमेची काटेकोर व्याख्या करून गणितज्ञांनी हा पेच सोडवला. आणि गंमत अशी की १९६० च्या दशकात अब्राहम रॉबिन्सन यांनी या इवल्याशा राशींनाही तर्कशुद्ध पाया मिळवून दिला. प्रथम शिकणाऱ्याने या वादात शिरू नये. ज्याला सीमेची कल्पना हवीच असेल, त्याने मार्टिन गार्डनर यांनी १९९८ साली सुधारून काढलेली आवृत्ती घ्यावी; तिच्यात फलन, सीमा आणि विकलज यांवर सुरुवातीला स्वतंत्र प्रकरणे जोडली आहेत. ती प्रकरणे स्वच्छ आहेत, पण थॉम्पसन यांच्या मिश्कील ओघापुढे थोडी कोरडी वाटतात. मी ती नंतर वाचली.

या पुस्तकाच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते आणि तिची किंमत मी मोजली आहे. मूळ पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त असल्यामुळे ते कोणीही छापू शकते. मी घेतलेली पहिली प्रत अशाच एका पुनर्मुद्रकाची होती. जुन्या प्रतीची पाने यंत्राने वाचून, मजकूर न तपासता, ती छापलेली होती. घातांक वरच्या जागेवरून खाली उतरून ओळीत येऊन बसले होते, त्यामुळे ‘क्ष वर्ग’ हे ‘क्ष दोन’ झाले होते, आणि काही अपूर्णांकांची मधली रेघ नाहीशी होऊन अंश आणि छेद शेजारी शेजारी उभे होते. दोन दिवस मी स्वतःलाच मंद समजत होतो. गणिताचे कोणतेही जुने पुस्तक घेताना मधले एखादे पान उघडून घातांक आणि अपूर्णांक जागेवर आहेत ना, एवढे पाहावे. याच पुस्तकाच्या जुन्या छापील पानांची जशीच्या तशी छायाचित्रे असलेली प्रत त्या नव्या कोऱ्या पुस्तकापेक्षा कितीतरी उपयोगी पडली.

फोनवर वाचण्याचीही हीच गत आहे. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मजकूर वळवणाऱ्या ई-पुस्तकांत लांब समीकरणे भलत्या जागी तुटतात. समीकरण चित्र म्हणून टाकले असेल, तर अक्षर मोठे केले तरी ते मोठे होत नाही, आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला ते वाचता येत नाही. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्यासाठी पुस्तक सुबोध असण्याचा पहिला अर्थ हाच असतो, आणि परीक्षणांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

थॉम्पसन यांच्यानंतर कोणते पुस्तक घ्यावे, याचे उत्तर हेतूवर अवलंबून आहे. गणितासाठी गणित शिकायचे असेल तर मायकेल स्पिव्हॅक यांचे १९६७ साली आलेले ‘कॅल्क्युलस’ आहे. पण ते सुबोध म्हणून सुचवणे हा वाचकावर अन्याय होईल. त्यातला मजकूर नितळ आहे, स्वाध्याय मात्र माणसाला घाम फोडतात. भौतिकशास्त्रासाठी गणित हवे असेल तर तेवढा कडक अभ्यास लगेच लागत नाही. विकलन, संकलन, सदिश आणि थोडी त्रिकोणमिती एवढी शिदोरी पुरते, आणि उरलेले वाटेत मिळत जाते.

भौतिकशास्त्रात मी पॉल ह्युइट यांच्या ‘कन्सेप्च्युअल फिजिक्स’ या पुस्तकाला बरेच दिवस टाळत होतो. ह्युइट हे आधी पाट्या रंगवण्याचे काम करत आणि पुस्तकातली चित्रेही त्यांनीच काढली आहेत. १९७१ साली प्रथम निघालेल्या या पुस्तकात गणित जवळजवळ नाहीच, म्हणून ते आपल्या कामाचे नाही, असे माझे मत होते. ते मत मला बदलावे लागले. हे पुस्तक आकडेमोडीला हात घालण्याआधी काय वाढेल, काय घटेल आणि काय तसेच राहील, हे शब्दांत सांगायला लावते. त्यात माझी चांगलीच भंबेरी उडाली. जोर, बल, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो, पण भौतिकशास्त्रात बल वेगळे, शक्ती वेगळी आणि ऊर्जा वेगळी. भिंतीला तासभर ढकलत राहिलेल्या माणसाने भिंतीवर कार्य किती केले, याचे उत्तर शून्य आहे, कारण भिंत हललीच नाही. हे उत्तर मला येत होते. का येते ते सांगता येत नव्हते. ज्यांचा समज असा की सूत्रे पाठ आहेत म्हणजे विषय येतो, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. केवळ यावर थांबले तर मात्र उदाहरण सोडवता येणार नाही, आणि पुस्तकाचा आकार पाहता ते सलग वाचण्याचीही गरज नाही.

पाठ्यपुस्तकांत डेव्हिड हॅलिडे आणि रॉबर्ट रेसनिक यांचे नाव अजून आघाडीवर आहे. त्यांचे मूळ पुस्तक १९६० चे. पुढे ‘फंडामेंटल्स ऑफ फिजिक्स’ या रूपात जर्ल वॉकर यांनी ते सांभाळले. त्याचे बळ सोडवलेल्या उदाहरणांत आहे. कोणती कल्पना लावायची हे आधी सांगायचे आणि मग गणित करायचे, ही शिस्त त्यांत सगळीकडे पाळलेली दिसते. विषम क्रमांकाच्या उदाहरणांची उत्तरे शेवटी आहेत, आणि एकट्याने शिकणाऱ्याला हे फार मोलाचे असते. त्याचा दोष म्हणजे त्याचे आकारमान. एका सत्रात शिक्षक त्यातले निवडून शिकवतात. घरी बसलेल्या माणसाला काय गाळायचे ते कळत नाही आणि तो चौकटीतल्या मजकुरासकट सगळे वाचू लागतो. मी आता प्रत्येक प्रकरणातली सोडवलेली उदाहरणे आधी झाकून स्वतः करतो, अडलो तर मागचा मजकूर वाचतो, आणि न अडलो तर तो चाळतो. नवीनच आवृत्ती हवी असा हट्ट धरू नये. यांत्रिकी आणि उष्णता या विषयांत आवृत्त्यांमधला फरक मुख्यतः उदाहरणांच्या क्रमांकांचा व चित्रांच्या रंगांचा असतो.

पैसे खर्चच करायचे नसतील तर राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ या उपक्रमाची पाठ्यपुस्तके २०१२ पासून विनामूल्य मिळतात. येथे नावावरून घोटाळा होण्याचा संभव आहे. त्यांचे ‘कॉलेज फिजिक्स’ हे बीजगणितावर भागवणारे आहे, तर ‘युनिव्हर्सिटी फिजिक्स’ हे तीन खंडांचे पुस्तक कलनशास्त्र वापरते. नाव भारदस्त म्हणून दुसरे घेऊ नये आणि सोपे म्हणून पहिल्यावर अडून राहू नये. लेखनाची चव दोन्हींत बेताचीच आहे, समितीने लिहिल्यासारखी. उदाहरणे भरपूर आहेत.

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या व्याख्यानांविषयी लिहिताना मला जपून लिहावे लागते, कारण ती मला अतिशय प्रिय आहेत आणि तरीही पहिले पुस्तक म्हणून मी ती कोणाला देणार नाही. १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत दिलेली ही व्याख्याने रॉबर्ट लेटन आणि मॅथ्यू सँड्स यांच्या साहाय्याने तीन खंडांत निघाली, आणि ती आता कॅलटेकच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात; तिथली समीकरणे नीट मांडलेली आहेत आणि मोठीही करता येतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचे प्रकरण पाहा. एका मुलाकडे २८ ठोकळे आहेत आणि त्याची आई रोज ते मोजते. एक कमी भरला तर तो सतरंजीखाली सापडतो. खेळण्यांची पेटी उघडायला मुलगा देत नाही, तेव्हा आई पेटीचे वजन करून आत किती आहेत ते काढते. टबातल्या गढूळ पाण्यात काही बुडाले असतील तर पाण्याची पातळी किती चढली ते पाहते. आईच्या हिशेबात एकेक पद वाढत जाते आणि बेरीज मात्र २८ च राहते. यानंतर फाइनमन सांगतात की ऊर्जेच्या बाबतीत ठोकळेच नाहीत, फक्त ती वाढत जाणारी पदे आहेत. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवले आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो.

अडचण अशी की हा साक्षात्कार होण्यासाठी स्थितिज आणि गतिज ऊर्जेची वीसेक गणिते आधी हाताखालून गेलेली असावी लागतात. ती गेलेली नसतील तर ही गोष्ट म्हणजे नुसती गोष्ट राहते. मूळ खंडांत स्वाध्याय नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रयोग कितपत साधला याविषयी फाइनमन यांनी स्वतः प्रस्तावनेत शंका व्यक्त केली आहे, आणि ती प्रस्तावना पुस्तक विकत घेण्यापूर्वी वाचण्यासारखी आहे. एखादे प्रकरण पाठ्यपुस्तकातून सोडवून झाले की त्याच विषयावरचे फाइनमन वाचावेत. या क्रमाने त्यांची गोडी दुप्पट लागते.

लेनर्ड ससकिंड आणि जॉर्ज ह्राबोव्हस्की यांच्या ‘द थिअरेटिकल मिनिमम’ या २०१३ च्या पुस्तकाचा वाचक म्हणजे अगदी माझ्यासारखाच, मागे शिकून विसरलेला माणूस. ससकिंड यांनी सर्वसामान्य प्रौढांसाठी दिलेल्या व्याख्यानांतून ते तयार झाले. पहिली काही प्रकरणे मी झरझर वाचली आणि बलांऐवजी ऊर्जेवरून गतीची समीकरणे काढणाऱ्या लग्रांजच्या पद्धतीपाशी धापा टाकू लागलो. कलनशास्त्राची उजळणी त्यात आहे, पण ज्याने ते कधी शिकलेच नाही त्याला ती पुरणार नाही. वर्षभराने पुन्हा उघडले तेव्हा तेच पुस्तक मला आवडले.

याकोव्ह पेरेलमान यांचे ‘फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट’ हे १९१३ मध्ये रशियनमध्ये आलेले पुस्तक या सगळ्यांहून वेगळे, कोड्यांचे आहे. त्याला अभ्यासक्रम नाही, क्रमही नाही. थकलेल्या संध्याकाळी एक प्रश्न वाचावा आणि उत्तर न पाहता झोपावे. पेरेलमान १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने मरण पावले, हे कळल्यापासून त्या खेळकर पानांकडे मी थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो.

शेवटी जॉर्ज पोल्या यांचे ‘हाउ टू सॉल्व्ह इट’. १९४५ साली निघालेल्या या छोट्या पुस्तकात गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, तो पार पाडणे आणि मागे वळून पाहणे. पहिल्या वाचनात मला हे फारच उघड वाटले होते आणि पुस्तकाचा कोशासारखा असलेला मोठा भाग मी वगळला होता. चौथ्या पायरीचा उपयोग मला गेल्या महिन्यात कळला. एका पाठ्यपुस्तकात, त्याचे नाव मी घेत नाही, उतारावरून घर्षणाशिवाय घसरणाऱ्या ठोकळ्याचे त्वरण विचारले होते. माझे उत्तर गुरुत्व त्वरण गुणिले उताराच्या कोनाचा साइन असे आले. उत्तरसूचीत कोसाइन होता. आधीच्या सवयीप्रमाणे मी स्वतःचीच चूक शोधू लागलो, बलांची आकृती तीनदा काढली, आणि तिन्ही वेळा साइनच आला. मग पोल्या यांच्या सांगण्याप्रमाणे उत्तराची एक टोकाची स्थिती तपासली. कोन शून्य धरला, म्हणजे उतार नाहीच, ठोकळा सपाट जमिनीवर ठेवलेला आहे. शून्याचा साइन शून्य, म्हणजे माझा ठोकळा स्वस्थ बसला. शून्याचा कोसाइन एक, म्हणजे उत्तरसूचीचा ठोकळा सपाट जमिनीवरून, कोणी न ढकलता, मोकळ्या पडणाऱ्या दगडाच्या त्वरणाने पळत सुटला. मी उत्तरसूचीतला कोसाइन पेन्सिलीने खोडला, शेजारी साइन लिहिला आणि पुढचे उदाहरण घेतले.